चव नसलेली पूड

आशागडच्या ललित सावेला त्या वर्षी दिवाळीच्या सुमाराला एक खोड लागली. जेवायला बसला की आधी वाटी नाकाशी न्यायची, डाळीत बोट बुडवून जिभेच्या शेंड्याला लावायचं आणि डोळे मिटून थांबायचं. त्याची आई वासंती समोर पाटावर बसलेली असायची. ती म्हणायची, "डाळ हाय रे ती. हुंगतोस काय कुत्र्यासारखा?" ललित म्हणायचा, लसूण लागतो. डाळीत लसूण नसायचा. त्याची बायको स्वप्ना मुद्दाम नुसत्या जिऱ्याची फोडणी द्यायला लागली होती, तरी तो म्हणायचा, लसूण लागतो आणि मागाहून तोंडात जुनं नाणं चोखल्यासारखं होतं. स्वप्ना ओट्याकडे तोंड करून भांडी घासत राहायची. डाळीत काय आहे हे त्या घरात तिला एकटीलाच माहीत होतं.

ललित तलासरीला एका सरकारी कचेरीत अव्वल कारकून. वय त्रेचाळीस. रोज मोटरसायकलीवरून जायचा, यायचा. अक्षर असं की कॉम्प्युटर आला तरी साहेब लोक महत्त्वाचं टिपण त्याच्याकडून हातानं लिहून घ्यायचे, मग टाईप करायला द्यायचे. उधव्याचे, झरीचे शेतकरी कागद घेऊन यायचे ते थेट त्याच्या टेबलाशी. त्यांच्याशी तो मोकळा बोलायचा, थोडं त्यांच्या बोलीत, थोडं गुजरातीत. एका माणसाशी बोलताना ललितला कधी काही झालं नाही. दहा माणसं टेबलाभोवती बसली आणि त्यातला एक म्हणाला "हं, सावे, सांगा", की त्याचं सगळं आतून सुटायचं.

हे लहानपणापासूनचं. परीक्षेच्या सकाळी ओकायचा. वासंती बेंबीला हिंग लावायची आणि पोराचं पोट नाजूक म्हणून सांगायची. साखरपुड्यात पाहुण्यांसमोर बसायची वेळ आली तेव्हा तो मागच्या वाडीत चिकूच्या झाडाखाली अर्धा तास जाऊन बसला होता. सगळे हसले, नवरदेव लाजतोय म्हणाले. कचेरीत दर महिन्याला आढावा बैठक. उभं राहून आकडे वाचायचे. हातातला कागद इतका फडफडायचा की शेजारच्याला आवाज यायचा. सहा वर्षांपूर्वी अशाच एका बैठकीआधी जीपच्या ड्रायव्हरनं त्याला कचेरीमागे नेलं आणि बाटली पुढे केली. दोन घोट घ्या म्हणाला, कागद हलणार नाही.

कागद हलला नाही. ललितनं त्या दिवशी आकडे असे वाचले की साहेबांनी मान वर करून पाहिलं.

मग प्रत्येक बैठकीला दोन घोट. मग बैठकीच्या आदल्या संध्याकाळी. मग नुसता वरून फोन येणार म्हटलं तरी. शेवटी सकाळी दात घासून झाले की. घरच्यांना बाटली दिसली. बाटलीच्या आधी काय होतं ते त्यानं कोणाला दाखवलं नाही. चार माणसांना घाबरतो म्हणून पितो, असं सांगण्यापेक्षा संगतीनं बिघडलो हे सांगणं त्याला सोपं वाटलं.

स्वप्ना सायवनकडच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. पोरगी नाशिकला वसतिगृहात, शिकायला. स्वप्नानं जे जे करायचं ते केलं. महालक्ष्मीच्या पायरीवर त्याच्याकडून शपथ घेतली, ती अकरा दिवस टिकली. महिनाभर भावाकडे जाऊन राहिली. एकदा बाटल्या ओट्यावर फोडल्या आणि काचा तिनंच वेचल्या. तिला वाटायचं, हा मनात आणेल तर सोडेल, पण मनातच आणत नाही. शेजारच्या दक्षाबेननं तिला वाट दाखवली ती अशा वेळी.

दक्षाबेनचं माहेर उंबरगावचं. तिनं एक सुपारीची जुनी डबी आणून दिली. आत पांढरी पूड. डबीवर नाव नाही, गाव नाही. कुठल्याशा वैद्याकडून भावानं आणलेली. "मारा भाईनो छूटी गयो," ती म्हणाली, भावाची दारू सुटली. रोज चिमूटभर जेवणात घालायची. चव नाही, वास नाही. वर दारू पडली की ओकेल, घाबरेल, आपोआप सोडेल. एकच पथ्य. "कहेवानुं नहीं हं. कहीश तो छूटशे नहीं."

सांगायचं नाही, सांगितलं तर सुटणार नाही. स्वप्नाला ते पटलं, कारण सांगून झालं होतं सगळं.

अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवसापासून तिनं पूड घालायला सुरुवात केली. सासूला म्हणाली, ह्यांना पित्त होतंय, ह्यांची डाळ वेगळी काढते. चौथ्या दिवशी ललित चारोटीच्या पुढच्या एका ढाब्यावर मित्रांबरोबर बसला आणि पहिला ग्लास संपायच्या आत त्याचं तोंड कानापर्यंत लाल झालं. छाती अशी उडायला लागली की शर्ट हललेला दिसत होता. ओकला. मित्रांनी वारा घातला, पाणी मारलं. त्याला वाटलं माल भेसळीचा. दुकान बदललं, मग ब्रँड बदलला. तिसऱ्या वेळेनंतर तो बाटली दिसली तरी तोंड फिरवायला लागला.

वासंतीनं देवीला नारळ दिला. स्वप्ना शाळेतल्या बायकांना म्हणाली, सुटली हो. पूड मात्र तिनं बंद केली नाही. दिवाळीपर्यंत चालू ठेवू, पक्कं होऊ दे, असं तिनं स्वतःला सांगितलं.

दारू गेली तशी ललितची झोप गेली. जे सहा वर्षं दारूखाली दडपून ठेवलं होतं ते आता रोज सकाळी कचेरीच्या पायरीवर त्याची वाट बघत उभं असायचं. आणि तोंडात हा लसूण, हे नाणं. तो विचार करायला लागला. बाहेरची दारू खराब असती तर दर वेळी कशी खराब निघाली? आणि आता तर पीत नाही, मग ही चव कुठली? म्हणजे कोणीतरी काहीतरी देतंय. पण कोण?

आधी त्याला मनिष दिसला. मनिष शेजारच्या टेबलावरचा कारकून, त्याच्याहून दहा वर्षांनी लहान. सकाळी स्वतःची पाण्याची बाटली भरायला गेला की ललितचीही भरून आणायचा. चार वर्षं आणत होता. आता ललितच्या डोक्यात प्रश्न आला की का आणतो? माझी जागा मोकळी झाली तर बढती कोणाला? त्यानं बाटली ड्रॉवरमध्ये कुलूप लावून ठेवायला सुरुवात केली. चहाचा कप घरून आणला. मनिष पाण्याच्या यंत्राशी उभा राहिला की ललित खिडकीच्या काचेत त्याचे हात बघत बसायचा.

नोव्हेंबरच्या बैठकीत चहा आला. ललितची वेळ आली तेव्हा तो उभा राहिला, आकड्यांचा कागद खाली ठेवला आणि म्हणाला, "सर, माझ्या चहात हा मनिष काहीतरी घालतो. दोन महिने झाले. कप तपासायला पाठवा."

मनिषच्या डोळ्यांत पाणी आलं. गेली दोन वर्षं ललित दुपारनंतर टेबलावर डोकं टेकून पडायचा तेव्हा त्याची अर्धवट पत्रं मनिषच पुरी करायचा. साहेबांनी ललितला शांतपणे घरी जायला सांगितलं आणि मागाहून निरोप धाडला की डॉक्टरांचा दाखला आणा, मगच टेबलावर बसा.

हे ऐकलं त्या संध्याकाळी स्वप्नानं डबी हातात घेतली, झाकण उघडलं, पुन्हा लावलं. टाकून द्यावी असं वाटलं. पण टाकली आणि हा पुन्हा प्यायला लागला तर? दाखला राहिला बाजूला, नोकरीच जाईल. दुसऱ्या दिवशी तिनं चिमूट लहान केली. तेवढंच केलं.

चार दिवसांनी रविवार आला. थंडी पडली होती. ललित ओटीवर गुडघे पोटाशी घेऊन बसलेला, दाढी वाढलेली. स्वप्नाला त्याची कणव आली. दोन महिने झाले, ह्या माणसानं दारूला हात लावला नव्हता. आपल्या हातानं काहीतरी गोड द्यावं म्हणून ती स्कूटी काढून गंजाडच्या रस्त्याला गेली. तिथं ताडांच्या बुंध्याशी बायजी बसते, सकाळी उतरवलेली ताडी घेऊन. स्वप्नानं बाटलाभर ताडी आणली. घरात वासंतीनं करांद्याचे कंद उकडून ठेवले होते.

ह्या पट्ट्यात सकाळच्या ताडीला कोणी दारू म्हणत नाही. ललितचा बाप कधी दारूच्या वाटेला गेला नाही, पण हिवाळ्यात रविवारी ताडी प्यायचा आणि पोरांना पेलाभर द्यायचा. उन्हं चढली, ताडी आंबली की ती चढते, ती वेगळी. सकाळची म्हणजे पोट साफ करायचं औषध. महालक्ष्मीच्या पायरीवर ललितनं शपथ घेतली होती तेव्हासुद्धा परत येताना तिघांनी बायजीकडे थांबून एकेक पेला घेतला होता आणि शपथ मोडली असं तिघांपैकी कोणाच्या मनात आलं नव्हतं.

ललितनं पेला हुंगला. ताडीचाच वास. स्वप्नानं स्वतःच्या पेल्यात ओतून घेतली, वासंतीनं घेतली. मग तो दोन पेले प्यायला. बरं वाटतंय म्हणाला. करांद्याचं साल काढता काढता त्याचे कान लाल झाले. मान लाल झाली. तो उठायला गेला आणि ओटीच्या कडेला तोल जाऊन पडला, ओकला, ओठ पांढरे पडले. स्वप्नानं हाक मारली तरी त्याचे डोळे तिच्यावर ठरेनात.

रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. रक्तदाब खाली गेला होता. सलाईन लावलं. तिथल्या डॉक्टरनं विचारलं, दारू पिऊन आलाय का? वासंती दुखावली. म्हणाली, "देवाची आन. दोन महिने दारूला शिवला नाय माझा पोर." ती खोटं बोलत नव्हती. स्वप्नानंही मान हलवली. ताडीचं नाव दोघींच्या तोंडी आलं नाही. विचारलं होतं ते दारूचं.

तरी त्या दुपारी वॉर्डाच्या बाकड्यावर बसल्या बसल्या स्वप्नाला ढाबा आठवला. ढाब्यावरचं जे वर्णन मित्रांनी सांगितलं होतं, ते आणि हे एकच होतं. तिनं बाहेर जाऊन दक्षाबेनला फोन लावला. दक्षाबेन म्हणाली, "ताडीथी कंई नहीं थाय." ताडीनं काही होत नाही हे स्वप्नानं मानलं, कारण मानायचं होतं. पण घरी आल्यावर पूड बंद केली आणि डबी पर्समध्ये, चष्म्याच्या खोक्याखाली लपवून ठेवली. टाकायला हात होईना. कचऱ्यात कोणाला सापडली तर?

इकडे खाटेवर पडून ललितनं आपला हिशेब मांडला होता. कचेरीला जाणं बंद. मनिष नाही. ढाबा नाही. पेला स्वप्नानं भरला. अडीच महिने डाळ कोण वेगळी काढतं? स्वप्ना.

घरी आल्यावर तो घरचं जेवेना. केळी आणायचा, स्वतः सोलायचा. अंडी स्वतः उकडायचा आणि सोलायच्या आधी कवचाला चीर नाही ना हे उजेडात धरून बघायचा. बिस्किटांचा पुडा, तोही फोडलेला नको. पाणी सीलबंद बाटलीचं. एकदाच तो स्वप्नाला सरळ म्हणाला, "तुला मी नकोय तर सांग. जातो. पण असं नको."

वासंती मध्ये पडली आणि पोराच्या अंगावर धावून गेली. सोन्यासारखी बायको, नोकरी करून तुझी घाण काढते, आणि तिच्यावर आळ घेतोस? डोकं फिरलंय तुझं. त्या रात्री सासूनं सुनेच्या पाठीवरून हात फिरवला आणि सुनेला तो हात सहन होईना.

वासंतीचं मत पक्कं झालं की पोराला कोणीतरी काहीतरी केलंय. सायवनच्या पुढच्या पाड्यावर हिरू भगताकडे न्यायचं ठरलं. स्वप्ना हिरूला ओळखायची, त्याची नात तिच्या वर्गात होती. ललित रिक्षात पुढे ड्रायव्हरशेजारी अर्ध्या सीटवर बसून आला, मागे बायकोजवळ बसला नाही.

हिरू भगत म्हातारा, बारीक. त्यानं सुपात तांदळाचे दाणे टाकले, बोटानं दोन-दोन करून सारले. पण त्याचं लक्ष दाण्यांत फारसं दिसत नव्हतं. ललितला म्हणाला तोंड उघड. जवळ जाऊन वास घेतला. खातोस काय, झोपतोस किती, कधीपास्नं, असं विचारत राहिला. मग वासंतीला म्हणाला, "भूतबित काय नाय. ह्याचे पोटात कोणातरी माणसाचा हात हाय."

वासंतीला एवढंच हवं होतं. चुलत जावेपासून एकेकीचं नाव घ्यायला तिनं सुरुवात केली. हिरूनं तिला बोलू दिलं आणि सूप बाजूला ठेवताना स्वप्नाकडे पाहिलं.

"मास्तरीनबाय, दाक्तराकडं ने त्याला. आन् तिथं खरा सांग."

त्यानं ओळखलं होतं की अंदाजानं बोलला, हे स्वप्नाला आजही माहीत नाही. परतीच्या वाटेवर तिला वाटत राहिलं की रिक्षावाल्यालाही कळलंय. वासंतीनं त्या दिवसापासून शेजारच्यांचं येणंजाणं बंद केलं. दक्षाबेननं पाठवलेली शेवयांची वाटी तिनं न उघडता परत केली. घरात आता तिघंही एकमेकांच्या हाताकडे बघत होते.

डॉक्टर प्रगती उधव्याच्या. मुंबईला मनोविकाराचं शिकून आल्या आणि तलासरीत दवाखाना काढला. वय तिशीचं. मंगळवारी सकाळी ललित आणि स्वप्ना त्यांच्यासमोर बसले. दाखल्याला तीन दिवस उरले होते. शुक्रवारी नाही दिला तर पुढची कारवाई, असं पत्र आलं होतं.

ललितनं सगळं नीट सांगितलं. लसूण, नाणं, मनिष, पेला. क्रमानं, तारखांसकट, टिपण लिहिल्यासारखं. ऐकताना डॉक्टरबाई लिहीत होत्या. मग त्यांनी स्वप्नाला विचारलं, "ह्यांना बाहेरचं काही औषध चालू आहे? आयुर्वेदिक, गावठी, काहीही?"

स्वप्ना म्हणाली, नाही.

डॉक्टरबाईंनी थोडा वेळ तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा लिहायला लागल्या. मग ललितला समजावलं. बरीच वर्षं दारू घेतल्यानंतर काही माणसांना असे संशय येतात. आपल्याला कोणी विष घालतंय, जवळचं माणूस उलटलंय. चव, वास, तेही खरे वाटतात. हा आजार आहे, ह्यावर गोळ्या आहेत. दाखल्यावर तसं लिहावं लागेल, पण उपचारानं फरक पडतो.

ललितनं सगळं ऐकून घेतलं. त्याचे खांदे खाली आले. दोन महिने तो एकटाच भांडत होता आणि आता दमला होता.

"असेल," तो म्हणाला. "मलाच कळत होतं की असं कसं असेल. पण लागायचं हो खरंच." मग खुर्चीत वळला. बऱ्याच दिवसांनी त्यानं बायकोच्या तोंडाकडे पाहिलं. "स्वप्ना, माफ कर मला. तुझ्यावर आळ घेतला. डोकंच फिरलंय माझं, आई म्हणते ते खरं आहे."

स्वप्नानं पर्स उघडली. चष्म्याचं खोकं काढलं, त्याच्याखालची डबी काढली आणि टेबलावर डॉक्टरबाईंच्या वहीवर ठेवली.

"डोकं नाही फिरलं त्यांचं," ती म्हणाली. "मी घालत होते. गणपतीपासून."

डॉक्टरबाईंनी डबी उघडली, कागदावर थोडी पूड पाडून पाहिली. कुठून आणली, किती घालायचा, कधी बंद केली, असं एकेक विचारलं. आवाज चढवला नाही, पण पेन खाली ठेवलं होतं. तपासून बघावं लागेल म्हणाल्या, पण लक्षणं जुळतात. असं औषध आहे आणि ते डॉक्टर देतात, पण माणसाला आधी सांगून, त्याचं काळीज तपासून, त्याच्या मर्जीनं. त्यानं तोंडात लसणासारखी, धातूसारखी चव येते. काही जणांना त्यानंच संशय वाढतो. आणि वर दारू पडली तर माणूस जाऊही शकतो.

"पण दारू नव्हती," स्वप्ना म्हणाली. "ताडी होती. सकाळची. मीच दिली."

"बाई, मी उधव्याची आहे. आमची आजीपण ताडीला दारू म्हणायची नाही. पोटात गेल्यावर ते पोट आजीला विचारत नाही."

ललित अजून डबीकडेच बघत होता. त्यानं पहिलं विचारलं ते हे, "म्हणजे लसूण होता?"

"चव खरी होती," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मनिषचं काही नव्हतं. पण चव खरी होती."

टेबलावर पाण्याचा उघडा ग्लास होता, डॉक्टरबाईंचा. ललितनं तो उचलला आणि एका दमात पिऊन टाकला. मग दोन्ही हातांनी तोंड झाकून बसला. हसत होता की रडत, ते स्वप्नाला कळेना. विचारायचा अधिकार आपल्याला उरलाय की नाही, तेही कळेना.

डॉक्टरबाईंनी लिहिलेलं पान फाडलं आणि नवं घेतलं. आता पहिल्यापासून सांगा म्हणाल्या. दारूच्या आधीपासून. दारू लागण्याआधी काय होत होतं? ललितनं परीक्षेच्या सकाळी सांगितल्या. चिकूचं झाड सांगितलं. फडफडणारा कागद, कचेरीमागचे दोन घोट. स्वप्ना सोळा वर्षं त्याच्याबरोबर राहत होती. हे ती पहिल्यांदा ऐकत होती. साखरपुड्याला हा लाजला होता असंच तिला वाटत आलं होतं.

डॉक्टरबाई म्हणाल्या, भीती हा आजार पहिला, दारू त्याच्यावरचा तुम्हीच शोधलेला इलाज. इलाजानं नवा आजार झाला. दारू नुसती काढून घेतली तर खालची भीती उघडी पडणारच. त्यांनी दाखला लिहिला, उपचार चालू, पंधरा दिवस विश्रांती, नंतर कामास योग्य. गोळ्या लिहिल्या आणि विचारलं, कोणाकडे ठेवायच्या?

"माझ्याकडे," ललित म्हणाला. "कुलपात."

स्वप्नानं मान हलवली.

बाहेर आल्यावर त्यानं तिला शिवी दिली नाही, हात उगारला नाही. एवढंच म्हणाला, "तू सांगितलं नसतंस तर मी गोळ्या खाल्ल्या असत्या गुमान. वेडा म्हणून राहिलो असतो." थोडं चालून गेल्यावर पुन्हा म्हणाला, "तुझ्या हातचं मात्र आता जमणार नाही मला."

वासंतीला दोघांनी काही सांगितलं नाही. ती अजून चुलत जावेवरच संशय धरून आहे. ललित मनिषकडे गेला, चार लोकांसमोर माफी मागितली. मनिष म्हणाला, झालं गेलं विसरा सावेसाहेब. पण आता तो स्वतःपुरतीच बाटली भरून आणतो. दक्षाबेन आळीत सांगते, सावेबाईचा नवरा डोक्यानं गेला. पुडीचं ती कोणाला सांगत नाही.

ललित गोळ्या घेतो. दर मंगळवारी डॉक्टरबाईंकडे जातो. तिथं श्वास मोजायला शिकला आणि आरशासमोर उभं राहून आकडे वाचायला. फाल्गुनात एका लग्नात तो प्यायला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं स्वतःच सांगितलं. स्वप्नाला वासही आला नव्हता. मग तो म्हणाला, डॉक्टरबाईंना मी सांगतो, तू काही करू नकोस. काही करू नकोस हे त्यानं दोनदा म्हटलं.

जेवणाची गोष्ट मिटायला वेळ लागला. दोन महिने तो स्वतःचं शिजवून जेवला, भात आणि अंडी. मग एक तोडगा निघाला, कोणी काढला नाही, निघाला. स्वप्ना त्याचं ताट वाढायची, त्यातलाच पहिला घास स्वतः खायची, थोडं थांबायची. मग तो जेवायला बसायचा. वासंतीला वाटायचं, काय बाई ह्यांचं प्रेम. स्वप्ना रोज दोन वेळा तो घास गिळायची आणि तिला रोज वाटायचं की आज तरी हा नको म्हणेल. तो कधी नको म्हणाला नाही.

वैशाखात संकष्टी रविवारी आली. स्वप्नाचा उपास, चंद्र उगवेपर्यंत पाणी आणि फळं. एरवी संकष्टीला ललित कचेरीत असायचा, तिकडेच काहीतरी खायचा. त्या दिवशी घरी. वासंती लग्नाला बोरिवलीला गेलेली. दुपारी स्वप्नानं ताट वाढलं. भात, वालाचं बिरडं, कैरीची चटणी. समोर ठेवलं, आणि सवयीनं बसून घास उचलला.

ललित म्हणाला, "उपास ना तुझा?"

"असू दे."

तिनं घास तोंडाशी नेला. तो बघत होता. ती उपास मोडणार हे त्याला दिसत होतं आणि ती मोडेपर्यंत तो गप्प राहू शकत होता, हे तिलाही दिसत होतं. मग त्यानं ताट आपल्याकडे ओढलं.

"ठेव खाली."

त्यानं बिरड्याची वाटी नाकाशी नेली. हुंगली. बोट बुडवून जिभेला लावलं. मग एक घास खाल्ला आणि हात ताटावर तसाच ठेवून बसला, डॉक्टरबाईंनी शिकवलं होतं तसा श्वास आत, श्वास बाहेर. स्वप्नाच्या हातातला घास हातातच होता. भिंतीवरच्या घड्याळाकडे त्यानं दोनदा पाहिलं. पाच मिनिटं गेली असतील, जास्तच. कान लाल झाले नाहीत. छाती उडाली नाही.

"मीठ कमी आहे," तो म्हणाला.

स्वप्ना उठली, मिठाची बरणी आणून त्याच्याजवळ ठेवली. झाकण त्यालाच उघडू दिलं.